'मी आलो' म्हणणाऱ्या मुलीला

प्रिय मावशी,
मी गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातली, वय २५. दीड वर्षापासून मुंबईत आहे. कांजूरमार्गला तिघींबरोबर राहते आणि एका कंपनीत मराठी ग्राहकांचे फोन घेते. पहिल्याच आठवड्यात मी "सर, मी आलो" म्हणाले आणि अख्खी रांग हसली. तेव्हापासून मी "आले" म्हणते. पण जेवणाच्या सुट्टीत रोज कुणीतरी म्हणतं, "कोल्हापुरी बोलून दाखव ना, आम्हाला फार आवडतं, किती गोड!" मी दोन वाक्यं बोलते, सगळे हसतात. नंतर मी खरंच काही सांगायला लागले की कुणाचं लक्ष नसतं. टीम लीडर म्हणतात, फोनवर तुझं गावठी येतं, शुद्ध बोलायचा क्लास लाव. दिवाळीला घरी गेले तर आज्जी म्हणाली, "आता तू मंबईची झालीस बाई." ती हसतच म्हणाली, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मी क्लास लावू का? आणि माझं बोलणं सगळ्यांना आवडतं, तरी मला वाईट का वाटतं?
गडहिंग्लजची लेक

पोरी,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण खरं दुखणं तिथं आहे. तुझं बोलणं त्यांना आवडतं, पण तू काय सांगतेस ते त्यांना ऐकायचं नसतं. म्हणून वाईट वाटतं. उद्या तू तुझ्या बोलीत म्हणालीस, "आज्जीला दवाखान्यात न्हेलंय, माझं मन लागंना," आणि समोरची म्हणाली, "अय्या, 'लागंना'! परत म्हण ना," तर तुला कसं वाटेल? तुझ्या मैत्रिणी दुष्ट आहेत असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना खरोखर गोड वाटत असेल. पण त्या कौतुकात तू मागं पडतेस आणि तुझे हेल तेवढे पुढं येतात, आणि हे तुला बरोबर टोचलंय. त्या टोचणीला अतिसंवेदनशीलपणा म्हणू नकोस.

आता त्या 'मी आलो'बद्दल. तू पत्रात 'राहते', 'घेते' असं लिहिलंस, म्हणजे पुस्तकी रूपं तुला चांगली येतात. ते रूप तुझ्या तोंडून अज्ञानानं निघालं नव्हतं. कोल्हापूर भागातल्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' म्हणतात. त्याच बायका दुसरीला 'तू आलीस' म्हणतात, तिसरीबद्दल 'ती आली' म्हणतात. म्हणजे त्यांना स्त्रीलिंग माहीत नाही असं नव्हे. बोलणारी स्वतःबद्दल बोलत असते तेव्हा ते दाखवत नाहीत, एवढाच नियम. आणि तो नियम आहे. तुझी आज्जी त्यात एकदाही चुकणार नाही. तुमच्या गावापासून कर्नाटकातलं संकेश्वर किती लांब? तिथल्या बाजारात कानडी बोलणारी बाई 'नानु बंदे' म्हणते आणि तिचा नवराही 'नानु बंदे'च म्हणतो. कानडीत 'मी आलो' आणि 'मी आले' असा फरकच नाही. पिढ्यान् पिढ्या मिरचीच्या बाजारात, सोयरिकीत, जत्रेत दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, तिथं ही सवय सहज वाटली तर मला नवल नाही.

आणि ज्यांना हसू आलं त्यांना एक विचारून बघ. "उद्या मी येईन" हे वाक्य बाई बोलतेय की पुरुष? सांगता येणार नाही. भविष्यकाळात पुण्यातली प्राध्यापकीणसुद्धा 'मी येईन'च म्हणते आणि तिचा भाऊही. तिथं लिंग दिसत नाही म्हणून आजवर कुणी हसलेलं नाही. तुमच्याकडं तीच रीत भूतकाळातही चालते. शिवाय तुझ्या रांगेतल्या मुंबईत वाढलेल्या मुलींकडे कान दे. त्यातली एखादी हमखास 'मी गेली', 'मी बोलली' म्हणत असेल. कोल्हापूरला 'मी गेलो', मुंबईला 'मी गेली', पाठ्यपुस्तकात 'मी गेले'. पुस्तकाच्या मापानं तुम्ही दोघीही सारख्याच बाहेर आहात. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नकोस. 'मी बोलली', 'मला पुस्तक भेटलं' हीसुद्धा या शहरानं घडवलेली मराठी आहे आणि ती मला प्रिय आहे.

मला ह्या गोष्टी उलगडून बघायला फार आवडतात, म्हणून थोडं आणखी सांगते. तुम्ही 'काय करालायस?' म्हणता ना, ते 'काय करायला लागलायस' याचं आटलेलं रूप. नांदेड-लातूरकडे त्याच कुळातलं 'करायलाव' ऐकू येतं. वऱ्हाडात 'काय करून राहिला?' आणि अहिराणीत 'काय करी राहिना?', म्हणजे तिथं 'राहणे' हे क्रियापद कामाला लावलंय. आणि टीम लीडरांना शुद्ध वाटणारं 'काय करतोयस?' हे 'करतो आहेस'चं आटलेलं रूप. चालू काळ सांगायला प्रत्येक मुलखानं दोन क्रियापदं जोडली आणि घाईत ती जुळवून टाकली. कारागिरी तीच. त्यातलं एक जोडकाम शाळेच्या पुस्तकाजवळ होतं, म्हणून त्याला 'गावठी' म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

हे असं का झालं, तेही ऐक. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, सरकारी शाळा निघाल्या, तेव्हा सगळ्यांना एकच पुस्तक द्यायचं तर एकच रूप ठरवणं भाग होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली इथं मुंबईत छापला गेला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली आलं. पुस्तकांच्या भाषेवर पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण मंडळींच्या बोलण्याचा ठसा पडला. तसं प्रमाण रूप असणं गरजेचं होतं आणि आजही आहे. कोर्टाचा कागद, औषधाची चिठ्ठी, परीक्षेचा पेपर गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत सारखा कळला पाहिजे. पण ती एक सोय होती. पुढं शाळांनी तिला 'शुद्ध' म्हटलं, आणि शुद्ध म्हटलं की बाकीच्यांना आपोआप अशुद्ध ठरवलं जातं. दुखणं त्या एका शब्दानं केलंय.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्याच्या त्या बाईंनी घरोटं ओढता ओढता लेवा बोलीत ओव्या रचल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता छापून आली. आज ती शाळाशाळांत पाठ करून घेतात. आणि त्याच शाळेत एखाद्या पोरानं 'मला'ऐवजी 'माले' म्हटलं तर त्याला थांबवतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

मुंबईबद्दलही बोलू, कारण तुला वाटतंय की तू बाहेरून आलीस आणि इथं एक पक्की 'मुंबईची मराठी' आधीपासून बसलेली आहे. या बेटांवर सगळ्यात जुनी मराठी बोलतात ते कोळी. वरळीला, वेसाव्याला, माहीमला, शिवच्या कोळीवाड्यात जाऊन ऐक. तिथं 'ळ'चा 'ल' होतो, मासळीची 'मासली' होते, डोळ्याचा 'डोला' होतो. (तुला गंमत वाटेल, वऱ्हाडात त्याच डोळ्याचा 'डोया' होतो.) म्हणजे जी माणसं या शहराची मूळ रहिवासी, त्यांचीच बोली या शहरातल्या ऑफिसांत अशुद्ध ठरते! मग 'मुंबईची शुद्ध मराठी' म्हणजे नक्की कुणाची?

बाकीची मुंबई गिरण्यांनी भरली. मी लालबागच्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर अर्धी बिऱ्हाडं मालवण-कुडाळकडची, अर्धी सातारा-कोल्हापूरकडची. सकाळी नळावर एकीकडून "वायच थांब गो" आणि दुसरीकडून "वाईच थांब की गं" असं एकाच वेळी ऐकू यायचं. घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली तोच शब्द, नुसता हेल वेगळा. बायका भांडायच्या आपापल्या बोलीत आणि भांडण दोघींना शब्द न् शब्द कळायचं. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर आणली तेव्हा नाट्यगृहं भरली ती या चाळींमधूनच.

आता जे सांगणार आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलंय.

माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. घरात आम्ही मालवणी बोलायचो. तिसरीत असताना मी वर्गात बाईंना म्हणाले, "माका पाणी व्हया." बाईंनी मला बाकावर उभं केलं आणि ते वाक्य पाच वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला. तुझी रांग हसली तसाच. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की मालवणी बोलायची नाही. बाबा मालवणीत विचारत, मी पुस्तकीत उत्तर देई. एकदा चाळीच्या जिन्यात माझ्या मैत्रिणींसमोर त्यांनी मला हाक मारली, "खंय गेल्लंस गो?" आणि मी मान फिरवली. बाबा काही बोलले नाहीत.

जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, शेवटी ते गावी परतले. मी शिकायला म्हणून इथंच आत्याकडे राहिले. पुढं गावात एसटीडीचा बूथ आला, तेव्हा ते दर रविवारी फोन करायचे. पहिल्या फोनवर त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

आमच्या घरात कुणीही 'जेवलीस का' म्हणत नसे. 'जेवलंस गो?' म्हणत. बाबांनी माझ्यासाठी, मला लाज वाटू नये म्हणून, स्वतःच्या लेकीशी पुस्तकात बोलायला सुरुवात केली होती. आणि मला ते त्या क्षणी कळलं होतं. पंचवीस-तीस वर्षांची गिरणी, चाळ, सगळं पचवून जे त्यांनी सोडलं नव्हतं ते त्यांनी माझ्यापायी सोडलं. मी "बाबा, आपल्या भाषेत बोला" एवढं म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही. पुढच्या रविवारी म्हणेन असं करत करत अकरा वर्षं गेली, आणि मग बाबाच गेले. आज मला मालवणी पूर्ण कळते, पण बोलायला गेले की मला स्वतःलाच ती उसनी वाटते.

म्हणून तुझ्या आज्जीचं "मंबईची झालीस बाई" वाचलं तेव्हा मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ बसून राहिले. ती अजून तुझ्याशी तिच्या बोलीत बोलतेय, हे तुझं केवढं भाग्य आहे. ते वाक्य टोमणा म्हणून घेऊ नकोस. तिनं तुला विचारलंय की तू आता तिच्याशी कुठल्या भाषेत बोलणार आहेस.

क्लासचं बघू. 'शुद्ध बोलायचा' क्लास लावू नकोस, त्यात पैसे घालू नकोस. टीम लीडरांना मात्र टाळूही नकोस. फोनवरचं काम हे काम आहे आणि ग्राहकाला कळलं पाहिजे, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. तुमचे फोन रेकॉर्ड होत असतील. त्यांच्याकडे जा आणि शांतपणे म्हण, "सर, माझं कुठलं वाक्य ग्राहकाला कळलं नाही, ते रेकॉर्डिंग मला ऐकवा. मी सुधारते." असं रेकॉर्डिंग असेल तर नीट ऐक. बहुतेक वेळा गडबड बोलीची नसते. वेगाची असते, नाहीतर आकड्यांची. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' फोनवर भलतेच सारखे ऐकू येतात, तिथं 'पाच नऊ', 'सहा नऊ' असं सुटं सांगावं. तारीख दोनदा म्हणावी. आणि फोनवर 'मी बघतो'ऐवजी 'मी बघते' म्हण, कारण लांबच्या मुलखातल्या माणसाला बाईच्या आवाजात 'बघतो' ऐकून क्षणभर चुकल्यासारखं होईल आणि त्याचं लक्ष त्याच्या तक्रारीवरून उडेल. कामाच्या वेळेत एवढा बदल केल्यानं तुझं काही जात नाही. आणि जर असं एकही रेकॉर्डिंग निघालं नाही, तर मग तक्रार कळण्याची नव्हतीच, हे तुलाही कळेल आणि त्यांनाही. उलट सांगली, निपाणी, चिक्कोडीकडचा माणूस फोनवर तुझा हेल ऐकून मोकळा होत असेल. असे फोन तुझ्या लक्षात असतील. तेही सरांना सांग.

जेवणाच्या सुट्टीत 'बोलून दाखव' म्हटलं की आता दाखवू नकोस. रागावूही नकोस. "दाखवायला नाही येत गं, सांगायला येतं. ऐकणार?" असं म्हण आणि खरंच काहीतरी सांग. तुमच्या भागात गुऱ्हाळं लागतात. चुलवाणात चिपाड कसं सारतात, काहीलीतला रस कसा उकळतो, गुळव्या कसा डोळ्यात तेल घालून उभा असतो, हे सांग. हे सांगताना तू पुस्तकी मराठी बोलूच शकणार नाहीस, कारण त्या गोष्टींना पुस्तकात दुसरे शब्द नाहीत. 'चुलवाण'ला शुद्ध शब्द कोणता? हाच. ज्याला ऐकायचंय तो ऐकेल. ज्याला फक्त हसायचं होतं तो दोन दिवसांत गप्प होईल.

आणि त्यांनाही विचार, "तुझी आज्जी कुठली?" मुंबईतल्या मराठी घराला दोन पिढ्या मागं गेलं की गाव सापडतं. नालासोपाऱ्याची ती मुलगी देवरुखची निघेल, भांडुपचा तो मुलगा जावळीतला निघेल. त्यांच्या घरातली बोली कुणीतरी त्यांच्या आधीच सोडून दिलेली असेल. तुझं बोलणं त्यांना इतकं गोड का वाटतं, याचं एक कारण मला तेही वाटतं. त्यांना त्यात घरातलंच, ओळखीचं काहीतरी ऐकू येतं.

आवडत्या बोलीचं म्हणशील तर माझीही एक आहे, आणि ती मालवणी नाही. आई आजारी होती तेव्हा मी परळच्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात रात्री रडत बसले होते. रात्रपाळीची नर्स शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काहून रडून राहिली वं?" अकोल्याकडची होती. त्यापुढं ती जे बोलली ते सगळं मी विसरले, पण तो 'वं' विसरले नाही. आजही लोकलमध्ये कुणी 'काहून' म्हणालं की मी वळून बघते. आवडती बोली अशीच होते, कुणीतरी तीत आपल्याशी काहीतरी खरं बोललेलं असतं. तुझ्या मैत्रिणींशी तू तसं बोलू लागलीस तर कोल्हापुरी त्यांना खरोखर आवडायला लागेल.

तुला यात रस असेल तर आणखी एक. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, आणि गावोगावच्या माणसांचे आवाज इंटरनेटवर ऐकायला ठेवलेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ग्रिअर्सन या ब्रिटिश अमलातल्या अधिकाऱ्याच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०५ सालच्या मराठीच्या खंडात, एकच गोष्ट बोलीबोलीतून लिहून घेतली होती. आता लिहिलेलं नाही, बोललेलं ऐकता येतं. एखाद्या रविवारी कोल्हापूर जिल्ह्यातले आवाज ऐक. तुझ्या आज्जीसारखंच कुणीतरी सापडेल.

पण त्याच्याही आधी तुझ्या आज्जीचा आवाज. फोनमध्ये रेकॉर्ड कर, तिला सांगून कर. 'काहीतरी बोल' म्हणू नकोस, गप्प बसेल. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात किती माणसं होती, पहिलं गुऱ्हाळ कधी बघितलं, संकेश्वरी मिरची घालून चटणी कशी कुटतात, असं काहीतरी विचार. आणि फोन उचलल्यावर पहिलं वाक्य पुस्तकातलं येऊ देऊ नकोस. "आज्जे, मी बोलालोय" एवढंच म्हण आणि मग ती काय म्हणते ते ऐक.

आणि गूळ उतरवायची वेळ झाली हे गुळव्या कशावरून ओळखतो, त्याला तुमच्याकडं काय शब्द आहे, तो तिला विचारून मला कळव. मला तो हवाय.

तुझी,
मावशी